सुवार्ता घेऊन त्सुफेनहाउझेनला

मी जर्मनीला निघाले त्याच्या आदल्या रविवारी पप्पांनी मला पुढे बोलावलं, गुडघे टेकून बसवलं आणि सगळ्या मंडळीसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पप्पा नगरजवळच्या एका लहान गावात पाळक आहेत. आमचं चर्च दगडी आहे, वर पत्रे. जोराचा पाऊस आला की उपदेश ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलं. पप्पा म्हणाले, "गोऱ्या लोकांनी समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत सुवार्ता आणली. आज आपली लेक ती त्यांच्याकडे परत घेऊन निघाली आहे." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी तेवीस वर्षांची होते, आणि पप्पा जे बोलत होते ते मला अक्षरशः खरं वाटत होतं.

तसं प्रकरण साधं होतं. आमच्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चांची, आणि तिकडच्या काही मंडळ्यांची जुनी ओळख होती. त्यातून अधूनमधून इथला एखादा तरुण किंवा तरुणी तिकडे सेवेला जायची. पुण्यात कॉलेज करताना मी जर्मन शिकले होते, म्हणून माझी निवड झाली. घरी सगळे मला मिशनरी म्हणू लागले होते. तिकडे पोहोचल्यावर कळलं की माझ्यासाठी त्यांचा शब्द 'फ्रायविलिगे' आहे, म्हणजे स्वयंसेविका. मिशन हा शब्द ते शक्यतो उच्चारत नाहीत, आणि उच्चारलाच तर जरा आवाज खाली घेऊन.

माझी नेमणूक स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात झाली. तिथे गाड्यांचा मोठा कारखाना आहे. सकाळी एस-बानमधून, म्हणजे लोकलमधून, कामगारांचे आणि इंजिनियरांचे घोळके उतरतात आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात. त्यांच्या उलट दिशेला चढ चढून गेलं की आमचं चर्च. आत आमचं अख्खं गाव बसेल एवढी जागा, आणि रविवारी पुढच्या तीन बाकांवर म्हातारी माणसं, कोट न काढता बसलेली. शेजारी मंडळीचं सभागृह होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती.

आमच्याकडे पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको. इथे बाई स्वतःच पाळक होत्या. पन्नाशीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, चढावरसुद्धा सायकलवरून न उतरणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यासाठी जाड रजई आणली, स्वतःच्या मुलीचे थंडीचे बूट आणले, माझं नाव नीट उच्चारता यावं म्हणून मला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्या वाईट होत्या असं कुणाला वाटू नये. वाईट त्या नव्हत्याच.

पहिल्या रविवारी मी साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरलं होतं. मी ती पुण्यातूनच जर्मनमध्ये तयार करून आणली होती. प्रभूने मला तुमच्याकडे पाठवलं आहे, अशी तिची सुरुवात होती. पाळकबाईंनी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचली आणि म्हणाल्या की सुरुवात बदलली तर बरं होईल. आमच्या लोकांना असं ऐकायची सवय नाही, ते अवघडतील. मग मी काय बोलू, असं मी विचारलं. त्यांनी सुचवलं की गावाबद्दल बोल, हवामानाबद्दल, बायकांच्या आयुष्याबद्दल, पाण्याबद्दल. त्यामुळे पहिल्या रविवारी मी पाण्याबद्दल बोलले. टँकर कधी येतो ते सांगितलं. लोकांनी फार मन लावून ऐकलं.

उपासनेनंतर कॉफी असते. तिथे एका आजीबाईंनी माझा हात हातात घेतला आणि मी ख्रिस्ती कधी झाले असं विचारलं. माझे खापरपणजोबा झाले, मी म्हटलं. "आणि त्याआधी?" त्यांनी विचारलं. हिंदू, मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, इतका सुंदर, इतका जुना धर्म. आम्हीच तो तुमच्याकडून काढून घेतला. त्यांनी माझी माफी मागितली. त्या सुंदर धर्मात माझ्या खापरपणजोबांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, हे मला सांगता आलं असतं. तेवढी जर्मन मला येत होती. पण बाई इतक्या मनापासून ओशाळल्या होत्या की मीच त्यांची समजूत घालत बसले.

हळूहळू माझं काम ठरून गेलं. सभागृहात खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या. सोमवारी योगवर्ग, बुधवारी म्हाताऱ्यांचं गाणं, शुक्रवारी गरजूंना भाजी आणि पाव वाटायचा. प्रत्येकाची मांडणी वेगळी. कॉफीचं यंत्र धुवायचं. एकट्या राहणाऱ्या सभासदांकडे जाऊन बसायचं, त्यांचे दिवे बदलायचे, मोबाइल दुरुस्त करून द्यायचा. जिन्याची केअरवोखे, म्हणजे त्या आठवड्याची झाडलोट, आपल्यावर आली की दारावर पाटी लटकते. माझ्या दारावर ती लटकली की तळमजल्यावरच्या बाई मी पुसलेल्या पायऱ्यांवरून बोट फिरवून बघायच्या. यातलं कुठलंच काम कमी प्रतीचं नाही. पप्पांनी मला झाडू मारायला लहानपणीच शिकवलं होतं. फक्त या सगळ्यात प्रभूचं नाव कधी घ्यायचं हे मला समजत नव्हतं. एका आजारी आजोबांकडे निघताना मी विचारलं की प्रार्थना करून येऊ का, तर पाळकबाई म्हणाल्या की त्यांनी मागितली तर कर, आपण होऊन नको. आजोबांनी मागितली नाही. आम्ही फुटबॉल बघितला.

वर्षातून एकदा जगभरच्या मंडळ्यांचा रविवार असतो, त्या दिवशी मी साडी नेसून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मराठीत म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थनेला टाळ्या मी आधी कधी ऐकल्या नव्हत्या.

आठवडेच्या आठवडे मराठी कानावर पडत नव्हती. फोनवर पडायची, पण फोनवरची मराठी वेगळी असते. तिच्यात सगळं ठीक असतं. म्हणून त्सुफेनहाउझेन स्टेशनवर एका संध्याकाळी मागून आवाज आला, "जॅकेटची चेन लाव गं, किती वेळा सांगायचं," तेव्हा मी चालता चालता थांबलेच. सहा-सात वर्षांची मुलगी होती, तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं की मला थंडी वाजत नाही. आईने मराठीत बजावलं, मुलीने पुन्हा जर्मनमध्ये नाकारलं. मला हसू आलं. आईने वळून बघितलं आणि विचारलं, "मराठी का?"

त्या ताई. पुण्याच्या, एका सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. त्यांचे मिस्टर गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते, मी त्यांना दादा म्हणायला लागले. मी काय करते असं ताईंनी त्याच संध्याकाळी विचारलं. चर्चमध्ये सेवा करते, मी म्हटलं, इथल्या मंडळीने बोलावलंय. मी काहीही लपवलं नव्हतं. ताई म्हणाल्या, अरे वा, म्हणजे ते व्हॉलंटियरिंग वगैरे, आणि लगेच विचारलं, "पोळ्या येतात का गं तुला? मला इतका कंटाळा येतो."

मग शनिवारी मी त्यांच्याकडे जायला लागले. ताई भाजी चिरायच्या, मी पोळ्या लाटायचे, मुलगी ओट्यावर बसून कणकेचे ससे करायची. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची जर्मन. तिच्याशी बोलता बोलता माझी जर्मन सुधारली आणि माझ्याशी बोलता बोलता ती 'ससा' म्हणायला शिकली. दादा ऑफिसातल्या गमती सांगायचे. गणपतीत मी त्यांच्याकडे मोदक वळायला गेले होते. आरतीच्या वेळी मी मागे, दाराजवळ उभी राहिले, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला ते घर फार आवडत होतं. खरं सांगायचं तर रविवारपेक्षा मी शनिवारची वाट बघायचे.

थंडीच्या सुरुवातीला दादांच्या आई पुण्याहून आल्या. मुलीची आजी म्हणून मीही त्यांना आजी म्हणू लागले. स्वच्छ सुती साडी, वरून मुलाने घेतलेला जाड स्वेटर. पहिल्याच शनिवारी त्यांनी माझं आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही अंदाज लागत नाही. मग त्यांनी विचारलं, "मूळचे कोण तुम्ही?"

"ख्रिस्ती," मी म्हटलं.

"ते कळलं गं. त्याआधीचे?"

मी सांगितलं. जे होतो ते सांगितलं. पप्पांनी आम्हा भावंडांना शिकवलं होतं की ते सांगताना मान खाली घालायची नाही. आजी "हो का" म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

पुढच्या शनिवारी मी सवयीने स्वयंपाकघरात गेले तर पोळ्या झालेल्या होत्या. आजी म्हणाल्या, "तू पाहुणी ना, तू बाहेर बस. किती करशील?" आवाजात इतकी माया होती की मी खरंच जाऊन सोफ्यावर बसले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. एकदा बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, आई जाईपर्यंत जरा सांभाळून घे. काय सांभाळायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझं ताट वाढून बाहेर यायचं. भात गरम असायचा. भाजी जास्त वाढलेली असायची.

जाणं बंद करायला हवं होतं, असं माझी बहीण नंतर म्हणाली. पण आठवड्यातून एकदा मराठीत भांडणारी आई आणि मुलगी ऐकायला मिळणं म्हणजे काय, हे तिला नगरमध्ये बसून कळणार नव्हतं.

मग आजी पडल्या. इमारतीच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बर्फ गोठला होता, त्यावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. दादा कंपनीच्या कामाने दुसऱ्या शहरात होते, ताईंचं ऑफिस आणि मुलीची शाळा. ताईंचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. आजींना जर्मनचा गंध नव्हता, इंग्रजी जेमतेम. मी कोट घातला आणि हॉस्पिटलमध्ये गेले.

त्यानंतर आजी घरी येईपर्यंत मी रोज तिथे होते. पाळकबाईंनी मला खुर्च्यांतून सुट्टी दिली. म्हणाल्या, हेच खरं काम आहे. डॉक्टर काय म्हणतात ते आजींना सांगायचं, आजी काय म्हणतात ते नर्सला. आजींना शाकाहारी म्हणून रोज चीज यायचं, त्यांना त्याचा वास सहन व्हायचा नाही. मग मी खोलीवरून मऊ खिचडी करून न्यायचे. ती त्या माझ्या हातून खायच्या. मी त्यांचं अंग पुसलं, केस विंचरले, बेडपॅन दिलं आणि काढलं. स्वयंपाकघराच्या दारात जे काही होतं ते हॉस्पिटलमध्ये उरलं नव्हतं. मला वाटलं, चला, हेही गेलं एकदाचं. त्या मला बाळ म्हणायला लागल्या होत्या.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना फार भीती वाटत होती. भूल दिल्यावर जागच आली नाही तर, असं त्या सारखं विचारत होत्या. दादा गाडीत होते, पोहोचायचे होते. मी म्हटलं, तुमचं काही म्हणायचं असेल तर म्हणा, मी जवळ बसते. त्यांनी रामाचं नाव घ्यायला सुरुवात केली, पण हुंदका आला आणि पुढे म्हणता येईना. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तुमच्यात काय म्हणतात गं अशा वेळी? ते म्हण माझ्यासाठी."

मी एवढंच म्हटलं, "प्रभू, या आईला भीती वाटतेय. तू जवळ राहा. डॉक्टरांच्या हातांना यश दे." आमेन म्हटलं. त्यांनी डोळे मिटले होते. इतक्या महिन्यांत जर्मनीत माझ्याकडे कुणी प्रार्थना मागितली होती ती ही एकच.

डोळे उघडले तर दारात ताईंच्या ओळखीच्या, इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई उभ्या होत्या. हातात डबा. भेटायला आल्या होत्या. त्यांनी आजींची विचारपूस केली, डबा ठेवला आणि लगेच निघाल्या. मला त्यात काही वाटलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काही दिवसांनी आजी घरी आल्या आणि त्या शनिवारी मी फुलं घेऊन गेले. दार ताईंनी उघडलं आणि फुलं हातात न घेता बाजूला झाल्या. आजी सोफ्यावर, पायांवर रजई. मुलीला आतल्या खोलीत पाठवलेलं होतं. कार्टूनचा आवाज येत होता. दादांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

"तुम्ही हॉस्पिटलमध्ये आईवर प्रार्थना केलीत?"

आदल्या आठवड्यापर्यंत मी त्यांच्यासाठी 'तू' होते.

मी म्हटलं, आजींनी सांगितलं म्हणून केली. दादा म्हणाले की मराठी मंडळात सगळीकडे पसरलंय, लोक विचारतायत की तुमच्याकडे ती चर्चवाली येते ना, आता आईचं नाव काय ठेवणार. ते ओरडत नव्हते. त्यांना लाज वाटत होती हे दिसत होतं, आणि त्या लाजेचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, आम्ही तुम्हाला घरात घेतलं, आमच्या पोरीला तुमच्याजवळ सोडलं, आणि तुम्ही एका भेदरलेल्या म्हातारीला गाठलंत.

"दादा, आजींना विचारा," मी म्हटलं.

त्यांनी वळून विचारलं, "आई, तू सांगितलंस हिला प्रार्थना करायला?"

आजी रजईवरची सुरकुती हाताने सरळ करत होत्या. ती सरळ झाली तरी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्या औषधांच्या गुंगीत काही आठवत नाही रे."

भूल अजून दिलेली नव्हती. गुंगी नव्हती. पण हे मी कुणाला सांगणार होते? मी ताईंकडे बघितलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः ताईंना सांगितलं होतं की या पोरीने माझ्यासाठी देवाला सांगितलं, बरं वाटलं. मी तिथेच बसून सफरचंद चिरत होते. ताईंनी मान वळवली आणि खिडकीचं हँडल नीट बंद आहे का ते बघितलं.

मी उठले, फुलं टेबलावर ठेवली आणि बूट घातले. बुटांच्या नाड्या बांधायला मला फार वेळ लागला. सगळे थांबून होते.

सोमवारी पाळकबाईंनी बोलावलं. दादांनी त्यांना फोन केला होता. मी त्यांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण त्याने फरक पडत नाही."

मला ते कळायला वेळ लागला. त्यांनी समजावलं. आम्ही इथे लोकांचा धर्म बदलायला जात नाही, आणि जातो असा नुसता संशयसुद्धा आम्हाला नको. हॉस्पिटलं आम्हाला दारं उघडतात ती या भरवशावर. परदेशी कुटुंबांशी आमचे संबंध मोठ्या कष्टाने जुळलेत. तू अशा देशातून येतेस जिथे या गोष्टीवरून आगी लागतात, तुला तरी हे कळायला हवं होतं.

मी विचारलं, "तुम्ही आजाऱ्याजवळ प्रार्थना करत नाही?"

"आमच्या सभासदांजवळ करते. त्यांनी मागितली तर."

"यांनीही मागितली होती."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या की त्या बाई तसं म्हणत नाहीत, आणि आपण त्यांना खोटं पाडू शकत नाही. आपण जाऊन दिलगिरी व्यक्त करू. मी बरोबर येते, तुला एकटीला पाठवत नाही. हे शेवटचं वाक्य त्या खरोखर प्रेमाने बोलल्या.

मी 'नाही' म्हणू शकले असते. म्हटलं असतं तर मला परत पाठवलं असतं, आणि डोक्यावर हात ठेवून पाठवलेली लेक अर्ध्यात का आली हे पप्पांना मंडळीपुढे सांगावं लागलं असतं. म्हणून मी गेले. पाळकबाईंनी घरी भाजलेला, वेणीसारखा विणलेला गोड पाव घेतला होता. आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलो, दादा समोर, आजी आपल्या जागी. पाळकबाईंना कळावं म्हणून सगळं बोलणं जर्मनमध्ये झालं. एक नगरची आणि एक पुण्याचा, एकमेकांशी जर्मनमध्ये बोलत होतो. दादांची जर्मन ऑफिसातली होती, कडक आणि बरोबर. पाळकबाईंनी सुरुवात केली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"एस टूट मिअर लाइट," मी म्हटलं. जर्मनमध्ये माफी अशी मागतात. शब्दशः त्याचा अर्थ एवढाच की मला याचं दुःख होतंय. कुणी वारलं तरी हेच म्हणतात. त्यामुळे मी खोटं बोलले नाही.

आजींनी मुलाला विचारलं, "काय म्हणाली ती?"

"सॉरी म्हणाली."

"बरं," आजी म्हणाल्या.

ताईंनी पाव कापून आणला. पाळकबाईंनी एक तुकडा खाल्ला, हवेबद्दल बोलल्या, आणि जिना उतरताना मला म्हणाल्या की तू फार परिपक्वतेने वागलीस.

त्यानंतर मला हॉस्पिटलच्या आणि घरच्या भेटींना पाठवलं नाही. मी खुर्च्या मांडल्या. पप्पा दर रविवारी फोन करायचे. त्यांच्याकडे दुपार असायची, जेवण झालेलं असायचं. ते विचारायचे, काम कसं चाललंय, कुणी प्रभूकडे वळतंय का. मी म्हणायचे, सेवा चालू आहे पप्पा. ते म्हणायचे, बी पेरणं आपल्या हाती. त्यांच्या आवाजात इतका अभिमान असायचा की मी घाईघाईने आईला फोन द्यायला सांगायचे.

वसंतात मंडळीची सभा झाली आणि चर्चची इमारत सोडून द्यायचं ठरलं. दुरुस्ती परवडत नव्हती, माणसं उरली नव्हती. पलीकडच्या भागातल्या मंडळीत मिसळायचं ठरलं. हात वर झाले, मोजले गेले, कॉफी झाली. पहिल्या रविवारी माझी माफी मागणाऱ्या आजीबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचं लग्न तिथे झालं होतं, नवऱ्याचा अंत्यविधीही. मी त्यांना विचारलं, तुम्ही विरोध का नाही केला? त्या म्हणाल्या, कुणाकडे करायचा, बाळा? कुणाकडे म्हणताना त्यांना देवच म्हणायचा होता असं मला तेव्हा वाटलं, पण नाव त्यांनीही घेतलं नाही.

भारतात परत निघण्याआधी एकदा ताई स्टेशनवर भेटल्या. आजी पुण्याला परत गेल्या होत्या. माझी गाडी येत होती, पण ताईंनी माझी बाही धरली.

"आईंना सगळं आठवत होतं," त्या म्हणाल्या. "मलाही माहीत होतं."

"मग ताई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला त्या घरात राहायचंय गं." मग म्हणाल्या, "शनिवारी ये. आता कुणी नाहीये."

गाडी आली. मी चढले. त्यांनी हात वर केला होता, मीही केला. शनिवारी मी गेले नाही. मुलगी एकदा दिसली, शाळेच्या घोळक्यात. तिने मला बघून जर्मनमध्ये हाक मारली आणि मैत्रिणींबरोबर पुढे गेली.

घरी परतले तेव्हा चर्चमध्ये हार, ढोलकी, मुलींचं गाणं. पप्पांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी जे घडलं ते सांगितलं. फार लांबवलं नाही. आजींबद्दल सांगितलं, माफीबद्दल सांगितलं, चर्च सोडून दिल्याचं सांगितलं. कुणी हालेलुया म्हटलं नाही. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. पप्पा उठले आणि लगेच पुढचं गीत सांगितलं. संध्याकाळी अंगणात बसलो असताना ते म्हणाले, "हे सगळं सांगायची गरज नव्हती. लोकांची उमेद खचते." मी म्हटलं, माझी खचली त्याचं काय? पप्पा उठून आत गेले. ते दुखावले होते की त्यांना माझी दया आली होती, मला आजही कळलेलं नाही. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

पुढे मी जर्मनीलाच परत आले, नर्सिंग शिकायला. आता बाड हॉम्बुर्गला एका वृद्धाश्रमात काम करते. अंग पुसते, केस विंचरते, चमच्याने सूप भरवते. कुणी प्रार्थना मागितली तर मी ऑफिसात कळवते, ते पाळकांना कळवतात, पाळक वेळ बघून येतात. रविवारी ड्यूटी नसली तर झोपते. पप्पा मंडळीला सांगतात की लेक जर्मनीत सेवेत आहे. मी ते दुरुस्त करत नाही. एका अर्थी ते खरंही आहे.

मागच्या महिन्यात गावाकडून एका मुलीचा फोन आला. तिची निवड झालीये, तीही येणार आहे, कुठे ते अजून ठरायचंय. पप्पांनी माझा नंबर दिला. तिचा आवाज अगदी कोवळा होता. ती म्हणाली, "ताई, मी रोज उपास-प्रार्थना करतेय. आणखी कोणती तयारी करू?"

मी म्हटलं, थंडीचे बूट तिथे घेऊ नकोस, तिकडचे इथल्या बर्फात चालत नाहीत. इथे आल्यावर घे, तळ रबराचा बघ. बर्फावरून पाय सरकतो.

"आणि आत्मिक तयारी?"

तिला काय सांगावं याचा मी खरंच विचार केला. मग मी म्हटलं, भाषा चांगली शीक.